मूल स्वतःहून शिकायला लागतं म्हणजे नेमकं काय? (चर्चा)

अर्धविराम (धागाकर्ती)

मी माध्यमिकला गणित शिकवते. मुलांनी 'स्वयंअध्ययन' करावं असं हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात कानीकपाळी ओरडून सांगितलं जातं. त्यासाठी उपाय ठरलेले दोन: प्रत्येकाला त्याच्या पातळीचं, त्याच्या गतीने काम द्या, आणि मुलांना गटात एकमेकांकडून शिकू द्या.

दोन्ही उपाय मी वापरते, पण त्यांनी मूल स्वावलंबी होतंच हे मला मान्य नाही. बऱ्याचदा परावलंबन फक्त जागा बदलतं. आधी बाईंवर होतं, आता ॲपवर, नाहीतर गटातल्या हुशार पोरावर.

ॲपचंच घ्या. उदाहरण चुकलं की सोपं येतं, बरोबर आलं की अवघड. पुढे काय सोडवायचं, कुठे थांबायचं, मागे कधी जायचं, सगळं ॲप ठरवतं. स्वतः शिकणाऱ्याला नेमकं हेच ठरवता यायला हवं ना? ॲपवर भराभर पुढे गेलेल्या एका मुलीला मी पुस्तक दिलं आणि म्हटलं, यातली तुला गरज आहे ती पाच उदाहरणं निवड. पानं उलटून झाली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा ना."

चष्मिष्ट

असहमत. फळ्यावरून शिकलेली मुलगीही "तुम्हीच सांगा" म्हणाली असती. तो दोष ॲपच्या माथी का?

बेंजामिन ब्लूमने १९८४ मध्ये दाखवलं होतं की एका शिक्षकाने एका मुलाला शिकवलं, आणि एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढे नेलं नाही, तर त्यातला सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणं कुणालाच परवडणारं नाही. ॲपने त्यातलं थोडं जरी साधलं तरी बाईंचा वेळ मोकळा होतो. तो निवड करायला शिकवण्यात घालवा की!

कोरी पाटी

ब्लूमचा आकडा जरा जपून. कर्ट व्हॅनलेनने २०११ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. ब्लूमला २ प्रमाण विचलनांचा (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) फरक दिसला होता, यात माणसाने एकेकाला शिकवण्याचा फरक ०.७९ निघाला. चांगल्या संगणकीय प्रणालीही जवळपास तिथेच. म्हणजे फायदा आहे, पण चमत्कार नाही.

आणि 'आपापल्या गतीने' हे नवीन नाही. फ्रेड केलरने १९६८ मध्ये कॉलेजच्या मुलांसाठी हीच पद्धत मांडली: धडा वाचा, तयारी झाली की चाचणी द्या, पास झालात तर पुढे. शिकणं चांगलं व्हायचं, पण दिरंगाई हे कायमचं दुखणं होतं. कित्येकांची गती सत्राच्या अखेरीस जागी व्हायची.

तीन मुलांची आई

आमचा मधला बघून शिकतो, धाकटा ऐकून. शाळेने शिकण्याच्या शैलीप्रमाणे वेगळं शिकवलं तर सगळेच स्वतःचं स्वतः करतील.

कोरी पाटी

@तीन मुलांची आई, याला पुरावा सापडलेला नाही. हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नीट तपासलं. शैलीप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात असं दाखवणारे भक्कम प्रयोग जवळजवळ नव्हतेच. नकाशा सगळ्यांनीच बघून शिकायचा असतो, उच्चार सगळ्यांनीच ऐकून. मुलाला आधी काय येतं, त्यावरून काम वेगळं करावं.

टिवल्याबावल्या

गटकार्याची व्याख्या: एक जण करतो, एक जण शीर्षक रंगवतो, दोघं नावं लिहितात, आणि सादरीकरणाला चौघं हसत उभे राहतात. रिंगेलमन नावाच्या फ्रेंच अभियंत्याने शंभरावर वर्षांपूर्वी माणसांना दोर ओढायला लावून मोजलं होतं. माणसं वाढली की माणशी जोर कमी होतो. आपण शाळेत त्याला सहकार्य म्हणतो.

अर्धविराम

@टिवल्याबावल्या, व्याख्या वर्गात लावून ठेवते. 😄 पण हा दोष कामाच्या आखणीचा आहे. एलियट ॲरन्सनने १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत केलं तसं करा: धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, आपला तुकडा दुसऱ्यांना समजावायचा, आणि परीक्षा मात्र प्रत्येकाची वेगळी, पूर्ण धड्यावर. इथे नुसतं नाव लिहून भागत नाही.

माझ्या वर्गात मी आधी प्रत्येकाला एकट्याने उत्तर लिहायला लावते. मगच जोडीत चर्चा, मग पुन्हा एकट्याने उत्तर. १/२ + १/३ दिलं होतं. एकाने २/५ लिहिलं: वरचे वर मिळवले, खालचे खाली. शेजारणीला रीत येत होती, पण तिने ती सांगितली नाही. म्हणाली, "२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" तो म्हणाला, कमी. "मग अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं झालं?" त्याने स्वतःच उत्तर खोडलं. उत्तर बरोबर आहे का हे स्वतः पडताळता येतं, हे त्याला तिच्याकडून कळलं. ॲपने लाल फुली दाखवून पुढचं उदाहरण दिलं असतं.

जुना खडू

छान, पण त्या शेजारणीला रीत कुणी शिकवली? कुणीतरी फळ्यावर, पायरी पायरीने. दोघांनाही येत नसतं तर दोघांनी मिळून २/५ पक्कं केलं असतं. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये हेच मांडलं: नवशिक्याला मोकळं सोडलं तर त्याची सगळी ताकद चाचपडण्यातच खर्च होते. आधी सोडवलेली उदाहरणं दाखवा, भरपूर सराव घ्या. स्वातंत्र्य नंतर.

चष्मिष्ट

आणि ते 'नंतर' कधीच येत नाही, हीच तर तक्रार आहे. स्वेलरच्याच परंपरेतलं पुढचं संशोधन सांगतं की नवख्याला उपयोगी पडलेली मदत जाणत्याला अडथळा होते. मदत द्यायची तशी काढूनही घ्यायची असते. दहावीपर्यंत प्रत्येक पायरी लिहून देणारे शिक्षक आधार कधी काढतात?

जुना खडू

मान्य, काढावाच लागतो. पण प्रत्येक मुलाचा आधार कधी काढायचा, हे भरलेल्या वर्गात मी एकटा कसं ओळखू?

अर्धविराम

मुलांनाच ओळखायला लावा. वही देण्याआधी प्रत्येक उदाहरणापुढे लिहायचं: खात्री, शंका, की अंदाज. तपासताना मी 'खात्री' लिहून चुकलेली उदाहरणं आधी बघते. आधार तिथे हवा. 'अंदाज' लिहून बरोबर आलेल्याला विचारते, कसं जमलं? सुरुवातीला सगळे सगळीकडे 'खात्री' लिहितात, तेवढं सोसावं लागतं.

घरी अभ्यासालाही तेच. पुस्तक मिटून आठवेल ते लिहा, मग उघडून ताडा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आत्मविश्वास जास्त होता, पण आठवड्याने जास्त आठवलं ते स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना.

टिवल्याबावल्या

म्हणजे 'खात्री' लिहून चुकलं तर गुण कापणार?

अर्धविराम

अजिबात नाही. गुण लावले की दुसऱ्या दिवसापासून सगळे 'शंका' लिहितील.

जुना खडू

ही खूण मी आठवीत वापरून बघेन. पाचवीत नाही. तिथे अजून पाढ्यांचीच शंका आहे, आणि मुलांनी ती लिहायची गरज नाही, मला दिसते.

चष्मिष्ट

पाचवीतच सुरू करा हो, आठवीपर्यंत "सर, तुम्हीच सांगा" अंगवळणी पडलेलं असतं.