कवीचं आयुष्य कळल्यावर कविता वेगळी वाचलीत का? अनुभव लिहा

२७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांची जयंती, जवळ आली की नाशिकमध्ये कवितांच्या कार्यक्रमांची रांग लागते. यंदा आमच्या वाचनकट्ट्यावर वाद रंगला तो असा : कवीचं चरित्र माहीत असलं की कविता जास्त कळते, की ते चरित्रच मध्ये येतं? वाद मिटला नाही, म्हणून इथे विचारते आहे. नुसतं मत नको. कोणती कविता, कवीच्या आयुष्यातलं काय कळलं आणि त्यानंतर कोणती ओळ बदलली, ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. स्वातंत्र्यकवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, आपल्या नाशिकचे. 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले' शाळेत आम्ही ताठ उभं राहून म्हणायचो. ते लिहिणारा माणूस पायांनी अधू होता हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्यांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप झाली, हेही पुढे वाचलं. पण मला हलवलं ते त्यांच्या शेवटच्या कवितेनं, 'सुंदर मी होणार'. गोविंद १९२६ मध्ये गेले. मरण समोर दिसत असताना हा माणूस नव्या देहाचं, पंख फुटण्याचं गाणं म्हणतो. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी त्यांची कूस बदलायचे. आधी उशी, मग खांदा, शेवटी पाय, कारण पाय आपोआप येत नाहीत, ते उचलून आणावे लागतात. त्या दिवसांत ही कविता हाताशी आली. तोवर मला ती अध्यात्माची वाटायची, आत्मा, मुक्ती वगैरे. आता ती मला शरीराची कविता वाटते. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याने उचललं, त्यानेच पंख मागावेत, हे अलंकार म्हणून वाचणं मला आता जमत नाही.

भांडीबाजार : कुसुमाग्रजांची 'कणा' सगळ्यांना पाठ आहे, पण आमच्या गल्लीत ती वेगळी ऐकू येते. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की इथे दुकानातला माल वर चढवायला सुरुवात होते. २००८ ला पाणी आत शिरलं. ओसरल्यावर पितळी घंगाळांत गाळ बसला होता, वरून गुळगुळीत, खाली बोटभर रेती. पुराला माहेरवाशीण म्हणणारा कवी गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, राहिलेलाच असणार. इथे नदीला शिव्या देत नाहीत. दुकान धुताना माझी आजी 'गंगामाई येऊन गेली' एवढंच म्हणाली होती. कवितेतले 'सर' म्हणजे खुद्द तात्यासाहेब, कुसुमाग्रजच, असं बरेच जण छातीठोक सांगतात. तसं धरायची मला गरज वाटत नाही. त्यांचं पोट वर्तमानपत्रांवर आणि लेखनावर चाललं. एवढं मात्र खरं, की त्यांच्या टिळकवाडीतल्या घरी कुणीही उठून जायचं, असं जुनी माणसं सांगतात. दारात अनोळखी माणूस उभा राहणं त्यांना नवं नसणार.

निवृत्त मास्तर : मी उलट बाजूचा. बालकवींचा, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा, १९१८ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली मृत्यू झाला. हे वर्गात सांगितलं रे सांगितलं, की 'औदुंबर'च्या उत्तरात पोरं लिहिणार : कवीला मरण दिसत होतं. अरे, आठ ओळींची कविता, त्यात निळासावळा झरा आहे, हिरवी शेतं आहेत, पांढरी पायवाट आहे, मग काळा डोह येतो. रंग एकामागून एक कसे उतरतात ते बघायचं सोडून सगळे धावतात रुळांकडे! मी शेवटी क्रम बदलला. आधी कविता, दोन तास नुसती कविता, चरित्र सर्वांत शेवटी. तेही रुळांवरचं नाही, तर लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्रातलं, 'स्मृतिचित्रां'तलं. लक्ष्मीबाई आपल्या जलालपूरच्या. त्यांच्या घरात पोरासारखे वावरलेले ठोंबरे तिथे भेटतात, आणि ते ठोंबरे जिवंत आहेत. मुलांना सांगायचं तर हे सांगावं.

सिन्नरची लेक : मास्तर, तुमचं पटतं, पण वामनदादांच्या बाबतीत मला उलटा अनुभव आला. लोकशाहीर वामनदादा कर्डक आमच्या तालुक्यातले, देशवंडीचे, जन्म १९२२ चा. त्यांची गाणी मी माईच्या, म्हणजे आजीच्या तोंडून ऐकली. माईला अक्षर येत नव्हतं. कॉलेजात गेल्यावर मला ती गाणी साधी वाटू लागली, तीच ओळ फिरून फिरून का येते, असं वाटायचं. मग कळलं, दादांना स्वतःलाच अक्षरओळख मोठेपणी झाली, तीही मुंबईत, गिरणीत राबताना. तेव्हा लक्षात आलं, की ही गाणी कागदासाठी बांधलेलीच नाहीत. ओळ परत येते, कारण मागे बसलेल्या बाईला ती पहिल्यांदा नीट ऐकू आलेली नसते. दुसऱ्या खेपेला ती ओळ धरते, तिसऱ्या खेपेला स्वतः म्हणते. माईनं अशीच पाठ केली होती. 'भीमा, तुझ्या मताचे जर पाच लोक असते' यातली तक्रारही मला तेव्हा कळली. गावोगाव आयुष्य घातलेला माणूस ती आपल्याच माणसांसमोर करतो आहे. बाहेरच्यानं केली असती तर माईनं ऐकून घेतली नसती.

पंचवटीकर : थोडक्यात लिहितो. आमचं घर काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाजवळ. तिथला दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. विशीतले शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, १९३२ मध्ये त्यात होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर त्यांची 'गाभारा' पुन्हा काढली. देवळात देव नाही, दाराशी आलेल्या महारोग्याच्या हाकेनं तो निघून गेलाय, असं ती कविता सांगते. पूर्वी मी ती देवावरची कविता म्हणून वाचायचो. आता माझं लक्ष दारावर असतं. आत कोण आहे यापेक्षा बाहेर कोणाला उभं केलंय, हे त्या कवीनं तरुणपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. मास्तर म्हणतील, हे चरित्राशिवायही कळलं असतं. कळलं असतं कदाचित. पण त्या दरवाजातून मी रोज दूध आणायला जातो, आणि मला कळलं नव्हतं.

निवृत्त मास्तर : नाही म्हणणार. हे मी वर्गात सांगेन, फक्त कविता वाचून झाल्यावर. सिन्नरच्या ताई, माईंना येणारी गाणी कुणी लिहून किंवा आवाजात भरून ठेवली आहेत का? नसतील तर मी एका रविवारी येतो.