उंचीची भीती आणि दोन दिवसांचे डोंगर : तुमचे अनुभव सांगा

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही पाच जण डोंगरात होतो. मुक्काम पायथ्याला, दोन दिवस दोन वेगवेगळ्या वाटा, संध्याकाळपर्यंत खाली. मला उंचीची भीती आहे, अगदी लहानपणापासून. गच्चीच्या कठड्याजवळ गेले की तळपायांना मुंग्या येतात, पोटऱ्यांतलं बळ जातं आणि खालची जमीन आपल्याला ओढतेय असं वाटतं. तरीही गेले, कारण हे चौघं दरवेळी जाऊन आले की त्यांच्या गप्पांत मी नसते, आणि ते मला फार लागतं.

एक गोष्ट मी या वेळी पहिल्यांदा केली. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांना नीट सांगितलं. मी थांबले तर हात ओढू नका. ‘खाली बघू नकोस’ असं ओरडू नका, ते ऐकलं की नजर हमखास खालीच जाते. फोटोसाठी कड्यावर बोलवू नका. हे सांगायला मला इतकी वर्षं का लागली, कळत नाही.

शनिवारची वाट जंगलातून होती. झाडी असली की मला काही होत नाही, दरी शेजारी असली तरी दिसत नाही ना. मग झाडी संपली आणि ट्रॅव्हर्स आला, म्हणजे कड्याच्या कडेने आडवी जाणारी वाट. डावीकडे कातळ, उजवीकडे नुसती पोकळी. अंतर फार तर तीस पावलं. वाट चांगली दोन पावलं रुंद होती. तेवढ्या पट्टीवरून घरात मी डोळे मिटून चालेन. इथे बरोबर मध्यावर पाय थिजले. मान वळेना, घशाला कोरड पडली, बोटं कातळाच्या खाचेत रुतवून मी उभी. पुढची मैत्रीण दोन पावलं मागे आली. ‘काही होत नाही गं’ असं ती म्हणाली नाही. म्हणाली, ‘हात कातळावरच ठेव. माझ्या टाचांकडे बघ. मी पाऊल उचललं की तू उचल.’ तिच्या बुटाच्या टाचेला लाल मातीचा एक गोळा चिकटला होता. उरलेली पावलं मी त्या गोळ्याकडे बघत चालले. तो गोळा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

माथ्यावर कड्यापासून चांगली लांब, दगडाला पाठ टेकून बसले. तिथून दिसलेल्या डोंगररांगा एकामागे एक फिकट होत गेल्या होत्या. मी रडले. कुणी काही विचारलं नाही.

रविवारी लोखंडी शिडी होती. आठ पायऱ्या चढले आणि उतरले. तिघं वर गेले, एक जण माझ्यासोबत खाली थांबला.

तुमचं काय? कुठे थांबलात, कुठून पुढे गेलात, कोणी काय केलं म्हणून जमलं? मोकळेपणाने लिहा.

*

मला चढताना काहीच होत नाही, उतरताना जीव जातो. चढताना नजर समोरच्या कातळावर असते, उतरताना तीच नजर थेट दरीत. पहिल्या काही ट्रेकमध्ये मी अवघड टप्पे बसून, घसरत उतरायचो. एकदा पाठीवरची सॅक मागच्या दगडाला अडली आणि तिने मला पुढे ढकललं. सावरलो, पण त्यानंतर ती सवय मोडली. आता उभा कातळटप्पा आला की तोंड कातळाकडे करून उतरतो, दोन हात दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एकच हलणारा. खालच्या मित्राने खोबणी सांगायची : ‘डावा पाय, अजून एक वीत खाली, हां, टेकला.’ हा आवाज असेल तर मी कुठूनही उतरतो. आवाज थांबला की मी थांबतो.

*

मी परतले. धारेवर वारा सुटला होता, कातळ ओला होता, आणि पुढची दृष्टिभयाची जागा, जिथे बाजूची दरी उघडी दिसते, ती लांबूनच दिसत होती. मी म्हटलं, मला नाही जमणार. सगळे माझ्यासोबत वळले. उतरताना कुणाचाही चेहरा पडलेला नव्हता. त्या लोकांसोबत मी आजही जाते.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मलाही हा त्रास आहे, म्हणून थोडं लिहिते. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर किंचित डोलत असतं. जवळच्या वस्तू डोळ्यांना सरकताना दिसतात, त्यावरून मेंदू तो डोल सावरतो. कड्यावर समोरची सगळ्यात जवळची वस्तूच शेकडो फूट लांब असते. आपला डोल डोळ्यांना टिपता येत नाही, कान आणि तळपाय मात्र वेगळं सांगत असतात, आणि डोलणं वाढतं. म्हणजे ‘तोल जातोय’ हा निव्वळ मनाचा खेळ नाही. वर कुणी टाचेवरच्या मातीकडे बघत चालल्याचं लिहिलंय. ते अगदी योग्य होतं, डोळ्यांना जवळचं काहीतरी मिळालं. कातळाला हात किंवा पाठ टेकली तरी तोच फायदा. उभ्याने सरकत्या ढगांकडे मात्र बघू नका, आपणच हलतोय असं वाटायला लागतं.

खोल जागा टाळणं किती लहानपणी दिसतं, याचा १९६० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, गिब्सन आणि वॉक यांचा. जाड काच, अर्ध्या भागाखाली लगेच जमीन दिसते, अर्ध्या भागाखाली ती खूप खाली दिसते. सहा ते चौदा महिन्यांच्या ३६ बाळांपैकी २७ जण उथळ बाजूला रांगले. आईने पलीकडून बोलावूनही खोल बाजूवर फक्त तिघं गेले.

आणि गटे! तो जर्मन कवी तरुणपणी स्ट्रासबुर्गला शिकत असताना तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर मुद्दाम एकटा चढायचा. वर आडोशाला पाव तास बसायचा आणि मग उघड्यावर, हातभर रुंदीच्या जागेवर उभा राहायचा. भीती बोथट होईपर्यंत त्याने हे पुन्हा पुन्हा केलं, आणि पुढे डोंगरांतल्या भटकंतीत त्याचा उपयोग झाला असं त्याने लिहून ठेवलंय. मला त्यातला तो पाव तास फार आवडतो. एकट्याने असं काही करू नका. पण थांबून, श्वास सावरून, मग एक पाऊल, हे आपल्यालाही जमतं. थोडी उंची, पुन्हा तीच उंची, मग थोडी जास्त.

*

मला भीती वाटत नाही, मी दुसऱ्या बाजूने लिहितोय. काही वर्षांपूर्वी एका अरुंद जागी मैत्रीण थांबली. ‘चल, काही नाही होत’ म्हणत मी तिचं मनगट धरून ओढलं. आली ती पलीकडे. पण नंतर दोन वर्षं ती आमच्यासोबत कुठेही आली नाही, आणि कारण मला तिसऱ्याकडून कळलं. मी तिची माफी मागितली. आता निघण्याआधीच विचारतो : तुला मी पुढे हवा की मागे? बहुतेक जण ‘पुढे’ म्हणतात. ती म्हणाली, ‘दरीच्या बाजूला.’ जागा असेल तिथे मी तसाच चालतो, तिच्या आणि दरीच्या मध्ये.

*

दरीच्या बाजूला कुणीतरी चालावं, हे मला सुचलंच नव्हतं. आमचा तो ट्रॅव्हर्स तेवढा रुंद नाही, पण अलीकडच्या पठारावर, जिथून माझी छाती धडधडायला लागते, तिथे जमेल. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच वाटेने पुन्हा जाणार आहोत, वर सांगितल्यासारखी तीच उंची पुन्हा. शिडीपाशीही जाऊ. आधी पाव तास खाली बसेन.