बीजिंगच्या वेशी नक्की किती?

नकाशाप्रेमी: जुन्या बीजिंगच्या वेशी कुठे नऊ, तर कुठे सोळा लिहिलेल्या दिसतात. खरं काय? आणि तट आज कुठे पाहावा?

जंग्या: दोन्ही बरोबर आहे. आतल्या शहराला नऊ, दक्षिणेच्या बाहेरच्या शहराला सात. बाहेरचा तट मिंग राजवंशाच्या काळात, १५५३ मध्ये सुरू झाला. बेत चारही बाजूंनी वेढण्याचा होता, पण पैसा पुरला नाही आणि दक्षिण बाजूवरच काम थांबलं. राजवाडा आणि राजनगरीचे तट वेगळे, ते या सोळात धरू नका.

खंदक: वेस म्हणजे नुसता दरवाजा समजू नका. आत दरवाज्यावरचा मनोरा, बाहेर जंग्यांचा, म्हणजे बाण मारायच्या झरोक्यांचा बुरूज, दोन्हींना जोडणारा कोट. आतल्या शहरात बाहेरच्या बुरुजाखाली सहसा वाट नसे, कोटाच्या कुशीतून वळून यावं लागे. शत्रू तिथेच कोंडला जाई. अपवाद दक्षिणेच्या मधल्या वेशीचा, झेंगयांगमनचा ('मन' म्हणजे वेस): तिथे बुरुजाखालचा मधला दरवाजा बादशहासाठी. ही रचना समजली की नकाशा बोलू लागतो!

नकाशाप्रेमी: वा! आणि पाहायला काय उरलंय?

जंग्या: झेंगयांगमनचे मनोरा आणि बुरूज, देशंगमनचा बुरूज, आग्नेय कोपऱ्याचा बुरूज. या शेवटच्याला १४४ जंग्या आहेत. चोंगवनमनपासून त्याच्याकडे पूर्वेला चालत जा, सुमारे दीड किलोमीटर तट लागतो. बाहेरच्या शहराचा योंगदिंगमन मात्र २००४ मध्ये नव्याने बांधलेला आहे.

खंदक: मेट्रोची दोन नंबरची लाईन साधारण आतल्या तटाच्याच रेषेवर आहे. त्यामुळे स्थानकांना वेशींची नावं आहेत, वर वेस बहुतेक ठिकाणी नाही.