तरुण माजी विद्यार्थ्यांचा गौरव: तुमचे अनुभव लिहा

पाटीपेन्सिल
विद्यापीठाच्या तरुण माजी विद्यार्थी पुरस्कारांचं आवाहन वाचलं आणि आधीच्या समारंभांतलं बरंच काही आठवलं. निवड, छाननी, मंच, ज्यांनी जे सांभाळलंय त्यांनी ते इथे लिहा. सुरुवात वयापासून करते. 'चाळिशीच्या आतले' एवढंच छापलं की वाद ठरलेला. अर्ज भरताना चाळिशीच्या आत, की समारंभाच्या दिवशी? गणितातल्या फील्ड्स पदकाचा नियम बघा: ज्या वर्षी गणितज्ञांची जागतिक परिषद, त्या वर्षीच्या १ जानेवारीआधी चाळिसावा वाढदिवस झालेला नसावा. अशी एकच तारीख पत्रकातच छापून टाका.

रानवारा
वयापेक्षा पदवीचं वर्ष धरा, १० वर्षांच्या आतलं. नोकरी करून उशिरा शिकलेले, मुलं लहान म्हणून शिक्षण मध्येच थांबवलेल्या, सगळे आत येतात. फक्त या विद्यापीठाची पहिली पदवी धरायची की शेवटची, ते लिहा. पीएचडीवाल्यांचा घोळ तिथेच होतो.

जुनाजाणता
वयावरून गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स आठवले. जन्म एप्रिल १९५३, फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली जून १९९३ मध्ये. चाळिशी नुकतीच उलटलेली! फील्ड्स पदकाचा नियम कुणी वाकवला नाही, पण १९९८ सालच्या परिषदेत त्यांना खास चांदीचं सन्मानचिन्ह दिलं. 'विशेष उल्लेख' अशी एक जागा राखून ठेवा, नियमही राहतो आणि माणूसही सुटत नाही.

शाईपेन
घाईत लिहितोय, छाननीबद्दल. पेटंटच्या अर्जात 'प्रकाशित' आणि 'मंजूर' यांत जमीनअस्मानाचा फरक. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही. मंजुरीचा क्रमांक मागा. शोधनिबंधाचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) स्वतः उघडून लेखकांत नाव बघा. आणि परीक्षा विभागाकडून पदवी पडताळताना नोंदणी क्रमांकाने पडताळा, नावाने नको. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली जुन्या नोंदींत नावाने सापडत नाहीत आणि चांगले अर्ज हकनाक बाद होतात. याचं फार वाईट वाटतं.

रानवारा
शाईपेन, हे लाख मोलाचं. अर्जात 'पदवीवरचं नाव' आणि 'सध्याचं नाव' असे दोन रकानेच ठेवायचे. मानपत्रावर कोणतं हवं तेही तिथेच विचारायचं.

गुणाकार
गुणांच्या बेरजेवर निकाल लावू नका. तीन अर्जांना एका परीक्षकाने ९, ८, ८ दिले आणि दुसऱ्याने २, ९, ४, तर बेरीज ११, १७, १२. पहिल्याने ज्याला सर्वांत वर ठेवलं तो तळाला गेला, कारण दुसऱ्याने गुणांत मोठं अंतर ठेवलं. प्रत्येकाच्या गुणांवरून आधी क्रम लावा, मग क्रमांची सरासरी काढा. त्यासाठी सगळ्या परीक्षकांनी सगळे अर्ज वाचायला हवेत, वाटून घेतले की गणित फसतं. आणि स्वतःच्या विद्यार्थ्याचा अर्ज आला की त्या परीक्षकाने त्या चर्चेपुरतं बाहेर बसायचं.

ओसरी
अर्ज येतात ते कंपनी काढलेल्यांचे आणि मोठ्या पगारवाल्यांचे. शाळेत शिकवणारे, रुग्णसेवेतले, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं एका प्रश्नावर बसलेले स्वतःहून लिहीतच नाहीत. प्रत्येक विभागाकडून दोन नावं लेखी मागवा, फोनवर आठवण द्या. पगाराचा रकाना काढून टाका, 'कामाने कुणाचं काय बदललं' यासाठी २०० शब्द द्या. निवड न झालेला अर्ज पुढची दोन वर्षं जिवंत ठेवला तर तीच मंडळी नंतर वर येतात.

पाटीपेन्सिल
ओसरी +१. हेच सगळ्यात महत्त्वाचं.

तिसरीघंटा
मंचाचं: मानपत्र ६० ते ७० शब्दांचं, वाचायला साधारण अर्धा मिनिट. माणूस येऊन उभा राहिला की मगच वाचायचं, चालत येताना वाचलं तर अर्धं टाळ्यांत जातं. पुढचा मानकरी विंगेत तयार हवा. फोटोसाठी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. माणशी ३ मिनिटं धरा, १२ जणांची ३६ होतात, त्यात भाषणं बसत नाहीत. परदेशातून ऑनलाइन येणाऱ्यांना वेळ यूटीसीमध्येही, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतही, कळवा. युरोप-अमेरिकेतली घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात, तीही वेगवेगळ्या दिवशी.

काजळमाया
सन्मानचिन्हावर नाव कोरून घेताना युनिकोड मजकूर नुसता पाठवू नका. कोरणाऱ्याकडे जुना फॉन्ट असला की श्र, ज्ञ, ऱ्ह तुटतात. पीडीएफ द्या, कोरण्याआधी नमुना मागा आणि तो मानकऱ्यालाच दाखवून होकार घ्या.

ओसरी
आणि फोटो? स्मरणिकेत सगळे धुरकट येतात.

काजळमाया
व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए४ पानभर छापायचा तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, पाव पानाला त्याच्या निम्मी रुंदी-उंची पुरते.

ओसरी
डॉक्युमेंट कुठे असतं त्यात?

काजळमाया
जोडणीच्या खुणेवर टिचकी, मग डॉक्युमेंट, मग फाइल निवडायची.

शाईपेन
एक राहिलं. निवड न झालेल्यांना यादी जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी पत्र जायला हवं, नाव घालून, आणि अर्ज पुढच्या वर्षी धरला जाणार आहे हेही लिहून. नामांकन करणाऱ्या शिक्षकांनाही त्याची प्रत.

ओसरी
सापडलं डॉक्युमेंट! सगळ्यांना तेच कळवते.