घडीच्या कलमाच्या चाकूला कोणतं तेल लावावं? सांधा चिकाने जाम होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रत्नागिरीजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे, हापूसची कोयकलमं करतो, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपाच्या खुंटाला चीर देऊन त्यात हापूसच्या काडीची तासलेली पाचर बसवतो. चाकू घडीचा आहे, स्टेनलेसचं पातं, आतून पितळी पट्ट्या, बाहेर प्लास्टिकची मूठ, लॉक नाही, पाठीतल्या स्प्रिंगच्या जोरावर पातं उघडं राहतं. सांध्याला स्क्रू नाही, रिव्हेट ठोकलेली आहे म्हणजे खोलून साफ करायचा प्रश्नच नाही.

अडचण अशी की कोयकलमाचा हंगाम ऐन पावसाळ्यात, हवा कायम दमट, हात ओले, मातीचे, आणि काडी तासताना आंब्याचा चीक पात्यावरून ओघळून सांध्यात उतरतो. रात्रभर घडी करून ठेवला की सकाळी तो डिंकासारखा घट्ट झालेला असतो आणि पातं नखाने उघडतच नाही. ओल्या हाताने जोर लावून उघडायचं म्हणजे बोटाला धोका, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका पण हेच चाकू वापरतात त्यामुळे मला हे लवकर सोडवायचंय.

घरात तीन मतं आहेत. काका म्हणतात खोबरेल लाव, फणसाच्या चिकाला चालतं मग याला का नाही. शेजारचे दादा शिलाई मशीनचं तेल म्हणतात. हार्डवेअरवाला डब्ल्यूडी-४० चा स्प्रे घ्या म्हणतो. पण माझी खरी काळजी वेगळीच आहे, सांध्यातलं तेल पात्यावर आलं आणि तिथून काडीच्या पाचरीवर किंवा खुंटाच्या चिरेत गेलं तर? सालीखालचा थर थराला भिडला तरच कलम जीव धरतं, मध्ये तेल आलं तर सगळी मेहनत वाया. तर तेल कोणतं, किती, आणि लावायचं कधी? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद, धारवाला:

दादा, तेलाचं नंतर बघू, आधी चीक काढा. चिकावर तेल ओतलं तर दोन्हीचा मिळून चिखल होतो आणि सांधा अजून जड चालतो. कोमट पाण्यात थोडा साबण घ्या, चाकू त्यात बुडवून पाण्यातच भरपूर वेळा उघडझाप करा. तरी चिकटत असेल तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट जुन्या टूथब्रशने फक्त सांध्यावर घासा, चूल-गॅसपासून लांब बसून. थिनर किंवा ॲसिटोन अजिबात नको, प्लास्टिकची मूठ खराब होईल. मग पूर्ण वाळवा, पावसाळ्यात ऊन नसतं तर हेअर ड्रायर चालेल. आत पाणी ठेवून वर तेल घातलं तर ते पाणी तिथेच कोंडतं आणि स्टेनलेस असलं तरी स्प्रिंगजवळ गंज धरतो. रिव्हेटवर ठोकाठोक करू नका, पातळ तेल फटीतून आपोआप आत ओढलं जातं.

तेल म्हणाल तर माझं मत साधं लिक्विड पॅराफिन, मेडिकलमध्ये मिळतं. खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालेल अशी चाकूची तेलं येतात ती याच जातीची असतात, वास नाही, खवट होत नाही. 'लाइट' मिळालं तर तेच घ्या, आत लवकर शिरतं. फक्त बद्धकोष्ठासाठीचं पांढरं दुधाळ मिश्रण उचलू नका, त्यात पाणी आणि मॅग्नेशिया असतं. शिलाई मशीनचं तेलही खनिज तेलच, पातळ, कलमाच्या चाकूला उत्तम, पण त्याच चाकूने फळ कापून खाणार असाल तर पॅराफिनच बरं.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे थंडीत सांधा परत जड, आणि पुढे खवट होतं ते वेगळंच. करडई-जवस तर विसराच, हवेने चिकट होऊन बसतात. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ साली बनवलेला फॉर्म्युला, नावातच ते आहे, डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. सांध्यातलं पाणी हाकलायला चांगला पण वंगण म्हणून फार टिकत नाही, शिवाय स्प्रे सगळ्या पात्यावर उडतो, तुम्हाला नेमकं तेच नकोय. ग्रीस पण नको, माती धरून ठेवतं.

थेंब एकच! इन्सुलिनच्या सिरिंजने किंवा टूथपिकच्या टोकाने, रिव्हेटजवळ दोन्ही बाजूंच्या फटीत, आणि पात्याची टाच, म्हणजे सांध्याकडचं मागचं टोक, स्प्रिंगवर घासते तिथे जरासं. उघडझाप करा, काळं तेल येईल ते पुसा, स्वच्छ तेल येईपर्यंत परत तेच.

---

प्रतिसाद, कलमवाली ताई:

वरचं सगळं बरोबर, मी कलमांपुरतं लिहिते. तेल संध्याकाळी काम आटोपल्यावर लावायचं, सकाळी कधीच नाही. रात्रभरात जास्तीचं तेल बाहेर येतं, सकाळी फडक्याने पुसायचं आणि पातं टाचेपासून टोकापर्यंत स्पिरिटच्या बोळ्याने. मग टाकाऊ काडीवर दोनचार काप मारून बघायचे, कापावर तेलकट चकाकी दिसली तर परत पुसा. पाचर तासताना आपण पात्याचा मधला आणि पुढचा भागच वापरतो, सांध्यापासून लांब, त्यामुळे थेंब खरंच एक असेल तर काळजी नको. स्पिरिटची सवय तशीही हवीच, एका झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्या झाडावर जातो.

दिवसभरात चीक साचू देऊ नका, कमरेला ओलं फडकं ठेवा आणि काही कलमं झाली की पातं पुसा, सांध्यात जातं ते बरंच कमी होईल. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू ठेवू नका, चामडं ओल धरतं. कोणाकडे लाकडी मुठीचा असेल, ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूसारखा, तर तो पाण्यात बुडवायचा नाही, लाकूड फुगलं की पातं घट्ट अडकतं. आणि कार्बन स्टीलचं पातं असेल तर रात्री पात्यालाही पुसट हात तेलाचा द्या, नाहीतर सकाळपर्यंत गंजाचे ठिपके येतात.

---

मूळ लेखक:

धारवाला, ताई, मनापासून आभार. संध्याकाळी लावायचं हे कोणीच सांगितलं नव्हतं, माझा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. आज सगळे चाकू साबणाच्या पाण्यात घालतो आणि मेडिकलमधून लाइट पॅराफिन आणतो. एकच विचारायचं राहिलं, चाकूत साल सोडवायची ती छोटी पितळी पट्टी पण आहे, तिचा सांधाही असाच करायचा ना?

---

धारवाला:

हो, तसाच. पितळ हिरवं पडलेलं दिसलं तर आधी ते घासून काढा, मग थेंब.