लहान किचन नव्याने करताना जागेची आखणी कशी केलीत? अनुभव लिहा

आमचं किचन सात बाय नऊ फुटांचं आहे आणि पुढच्या महिन्यात ते सगळं उखडून नव्याने करायचंय. एका लहान भिंतीत दार, समोरच्या भिंतीत खिडकी. गेले तीन आठवडे मी कागदावर रेघा मारतेय, थ्रीडी चित्रं बघतेय, आणि चित्रात सगळं इतकं छान दिसतं की नेमकं काय विचारायचं तेच कळत नाही. चित्रात फ्रिजचं दार कायम बंद असतं, कोणी कोणाच्या मागून जात नसतं, ओट्यावर एकही खरकटं भांडं नसतं. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतःचं लहान किचन करून त्यात वर्ष-दोन वर्षं काम केलंय त्यांनी कृपया लिहा. रंग आणि टाइल्स नंतर बघू, मला जागेबद्दल ऐकायचंय. कुठे दोन इंच कमी पडले, काय हलवलं, काय हलवायला नको होतं. मापं आठवत असतील तर आकडे पण द्या.

मी आत्तापर्यंत एकच गोष्ट धड केलीये. आठवडाभर फ्रिजवर कागद चिकटवला होता आणि काम करताना कुणीही कुठेही अडलं की तिथे एक ओळ लिहायची. सगळ्यात जास्त वेळा आलं ते हे, की फ्रिजमधून काढलेली वस्तू ठेवायला जवळ जागाच नाही, हातात घेऊन चार पावलं जावं लागतं.

---

ताई, आमचं किचन लांब आणि अरुंद, रुंदी साडेसहा फूट म्हणजे 78 इंच. दोन्ही बाजूंना ओटा हवा होता, नेहमीचा 24 इंच खोलीचा. 24 आणि 24 गेले की मध्ये उरतात 30. कागदावर 30 इंच पुरेसे वाटले होते. मग मी जमिनीवर मास्किंग टेप लावली, टेपच्या आत खोकी रचली कंबरेएवढी, आणि बायकोला म्हटलं चल आपण दोघं इथे पाच मिनिटं नुसतं वावरून बघू. एकजण खाली वाकला की दुसऱ्याला जाताच येईना, आणि ट्रॉली बाहेर ओढलेली असेल तर समोर उभंच राहता येत नाही. एकटा माणूस काम करणार असेल तर 42 इंच आणि दोघं असतील तर 48 इंच मोकळे ठेवा असं अमेरिकेतली किचन डिझाइनवाल्यांची संस्था सांगते, ते आमच्याकडे शक्यच नव्हतं. शेवटी एका बाजूची खोली 15 इंचच ठेवली, मध्ये 39 मिळाले. आणि त्या 15 इंचांच्या बाजूला डबे आणि ताटं वाट्या इतक्या नीट बसल्या की मागे काही हरवतच नाही, एका नजरेत सगळं दिसतं. खोल कपाटापेक्षा मला आता तीच बाजू जास्त आवडते. खोकी रचायला आळस करू नका एवढंच सांगेन, नुसत्या टेपने कळत नाही, टेपवरून आपण सरळ चालत जातो.

---

मी उंचीबद्दल लिहिते कारण त्याबद्दल कुणी विचारतच नाही. मी पाच फूट. जुन्या घरात ओटा 36 इंचांचा होता आणि माझे खांदे रोज संध्याकाळी भरून यायचे, मला वाटायचं वयाचं असेल. नवीन करताना फिजिओथेरपीवाल्या मैत्रिणीने सांगितलं की सरळ उभी रहा, कोपर काटकोनात दुमड, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घे आणि त्यातून 4 ते 6 इंच वजा कर, ती तुझी चिरायची उंची. माझं कोपर 38 वर येतं, म्हणून चिरायचा ओटा 33 केला. शेगडीचा भाग अजून खाली घेतला, 30 ला, कारण शेगडीची उंची आणि त्यावर पातेल्याची उंची धरली की ढवळताना हात आपोआप वर जातो. सिंकचं मात्र उलटं. तिथे हात ओट्यावर चालत नाहीत, सिंकच्या तळाशी चालतात. आमच्याकडे भांडी नवरा घासतो, तो माझ्यापेक्षा खूप उंच, त्यामुळे सिंकचा ओटा 36 ठेवला. तीन उंच्या म्हटल्यावर सुताराने विचित्र दिसेल म्हणून बराच वाद घातला. पायऱ्या पडल्यात खऱ्या, पण माझे खांदे दुखायचे थांबले आणि मला ते दिसणं वगैरे काही वाटत नाही.

---

फ्रिजबद्दल. बाजूच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. दार 90 अंशांच्या पुढे उघडलं नाही तर बऱ्याच फ्रिजमधले आतले ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाहीत. आमचं तेच झालंय. आणि ज्या बाजूला हँडल त्या बाजूला निदान 15 इंच तरी मोकळा ओटा हवाच, तुमच्या कागदावरची चार पावलं त्यानेच वाचतील.

---

सिंक हलवणार असाल तर हे वाचा. आम्ही सिंक आठ फूट लांब नेलं, खिडकीखाली. सांडपाण्याच्या पाइपाला दर फुटाला साधारण पाव इंच ढाळ लागतो, म्हणजे आठ फुटांना दोन इंच. ऐकायला काहीच वाटत नाही, पण बाहेरच्या पाइपाचं तोंड आधीच ठरलेल्या उंचीवर असतं, त्यामुळे सिंककडचं टोक तेवढं वर उचलावं लागतं. आमच्या प्लंबरने ते वर घेतलंच नाही, पाइप जवळपास सपाट टाकला, वर टाइल्स लागल्या, कॅबिनेट बसली, आणि चार महिन्यांत पाणी तुंबायला लागलं आणि वास. सगळं परत फोडलं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं, कारण ते किचन आम्ही किती वर्षं थांबून केलं होतं. दुसऱ्या वेळी पाइप वर घेतला आणि सिंकखालची एक ट्रॉली सोडून दिली. टाइल्स लागायच्या आधी पाणसळ लावून ढाळ स्वतः बघा आणि बादलीभर पाणी एकदम ओतून बघा. आणि सिंक खिडकीखाली असेल तर खिडकीचं दार आत उघडताना नळाला अडतं का तेही.

---

ट्रँगलबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. सिंक, शेगडी, फ्रिज या तिघांमधलं प्रत्येक अंतर 4 ते 9 फूट असावं आणि तिन्हींची बेरीज 26 फुटांच्या आत, असा तो नियम. मी आर्किटेक्चर शिकले आहे आणि माझं प्रामाणिक मत की सात बाय नऊमध्ये बेरजेची काळजी करूच नका, ती आपोआप बसते. लहान जागेत प्रश्न उलटा असतो, तिन्ही गोष्टी इतक्या जवळ येतात की मध्ये चिरायला जागा उरत नाही. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये सलग तीन फूट मोकळा ओटा मिळाला तर तो कशासाठीही सोडू नका, माझं सगळं काम त्या तीन फुटांतच होतं.

आणि लहान किचन म्हणजे तडजोड असं वाटत असेल तर मार्गारेटे श्युटे-लिहोत्झ्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी 1926 मध्ये केलेलं फ्रँकफर्ट किचन जरूर बघा. साधारण 1.9 बाय 3.4 मीटर. त्या काळात रेल्वेच्या डायनिंग कारमधली छोटी किचन्स बघून, माणूस किती पावलं चालतो याचा हिशोब करून आखलेलं, बसून काम करायला फिरतं स्टूल, सरकतं दार, जिन्नस ठेवायला हँडलवाले ॲल्युमिनियमचे छोटे खण. तसली दहा हजारांच्या आसपास बसवली गेली. मला ते अतिशय प्रिय आहे, पण त्यात एक उणीव पण आहे जी तुमच्या कामाची. ते एकाच माणसासाठी आखलं होतं, दुसरं कुणी मदतीला आलं की अडचण. तेव्हा तुमच्या घरी एका वेळी किती जण ओट्याशी असतात ते आधी ठरवा, वरच्या दादांनी खोकी रचून तेच केलंय.

---

एल आकार करत असाल तर कोपरा. आमच्या कोपऱ्यातल्या दोन ट्रॉल्या एकमेकींच्या हँडलला धडकतात. कोपऱ्यात दोन्ही बाजूंना दोन-तीन इंचांची पट्टी सोडायला हवी होती. आता रोज आधी डावी उघडा मग बंद करा मग उजवी.

---

भिंती गुण्यात, म्हणजे सरळ आणि काटकोनात, आहेत असं धरून चालू नका हो. आमच्या एकाच भिंतीची लांबी खाली, मध्ये आणि वर मोजली तर तीन वेगळे आकडे आले, पाऊण इंचाचा फरक. कॅबिनेटची ऑर्डर प्लास्टर आणि टाइल्स झाल्यावरच्या मापांवर द्या आणि सगळ्यात लहान आकडा धरा. कोपरा तपासायला एका भिंतीवर 3 फुटांवर आणि दुसरीवर 4 फुटांवर खूण करायची, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट आलं तर काटकोन.

---

दिव्याची जागा पण आत्ताच ठरवा, वायरिंग नंतर होत नाही. छताच्या मधोमध दिवा असला की ओट्याशी उभं राहिल्यावर आपलीच सावली सुरीखाली पडते. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा. मागच्या कडेला लावली तर भिंत उजळते आणि चिरायच्या फळीवर अंधारच राहतो.

---

माझी आई आमच्याबरोबर राहते, तिचे गुडघे गेलेत पण किचनमधून तिला बाहेर बसवायचं नव्हतं. म्हणून ओट्याखाली शटरची कपाटं काढून सगळ्या ट्रॉल्या केल्या, ओढलं की वस्तू वर दिसते, वाकून आत हात घालावा लागत नाही. आणि एका ठिकाणी ओट्याखाली दोन फूट रुंद जागा पूर्ण मोकळी सोडली, तिथे खुर्ची घालून ती बसते, समोर 29 इंचांवर एक ओढून बाहेर काढता येणारी फळी. तेवढी साठवण गेली हे मान्य. पण ती रोज सकाळी तिथे बसून काम करते, माझ्याशी बोलते, आणि एवढ्या कामात मला सगळ्यात समाधान त्या दोन फुटांचं आहे.

---

सगळ्यांचे खूप मनापासून आभार, रात्री बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. काल टेप लावली आणि खोकी पण रचली (दादा, तुमचं खरंय, नुसत्या टेपने काही कळलं नसतं). फ्रिज दाराजवळ होता माझ्या आखणीत, त्याच्या जागी पुठ्ठा उभा करून दार उघडल्यासारखं केलं तर आत यायची वाटच बंद. तो समोरच्या कोपऱ्यात नेला, भिंतीपासून चार इंच सोडून, शेजारी 18 इंच ओटा. त्यापायी एक उभं कपाट गेलं. सिंक मात्र खिडकीखाली नेत नाही, आहे तिथेच राहू दे. माझं कोपर 40 वर येतं आणि सासूबाईंचं 37 वर, तेव्हा उंचीचं अजून ठरत नाहीये, उद्या दोघी खोक्यांवर फळी ठेवून 33, 34, 35 असं करून बघणार आहोत. सुतार शनिवारी येतोय, तोपर्यंत खोकी तशीच ठेवलीयेत.