ताईच्या अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल: जे प्रश्न ती डॉक्टरांना विचारत नाही, त्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीला अंडाशयाचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज. वय ४४. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या तीन केमो असं ठरलं होतं. ऑपरेशन झालंय, आता शेवटच्या केमो चालू आहेत, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिनच्या. उपचारांबद्दल आमच्या मनात शंका नाही. अडतंय ते बाकीच्या गोष्टींत.

ऑपरेशनमध्ये पिशवी आणि दोन्ही अंडाशय काढले. पाळी जाणार हे माहीत होतं, पण ती अशी एका दिवसात गेली की शरीराचं काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. रात्री अंगातून गरम वाफा निघतात, घामाने कपडे ओले होतात, झोप मोडते ती मोडतेच. दिवसभर चिडचिड. घरच्यांना वाटतं ती खचली. मला वाटतं, तिला आठवडाभर सलग झोप मिळाली तर निम्मी ताई परत येईल. तुम्ही रात्री काय करत होता? हार्मोनच्या गोळ्यांबद्दल तुम्हाला काय सल्ला मिळाला? हाडांची घनता तपासायला सांगितलं होतं का?

दुसरं, बोटांना मुंग्या येतात, तळपाय बधीर असतात. बटणं लावता येत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस कमी करतील आणि आजार आत राहून जाईल, म्हणून ती गप्प बसते. मला सांगितलं तेही कुणाला न सांगण्याच्या बोलीवर. मी काय करू?

तिसरं लिहायला जड जातंय. भावोजी तिला दुखेल या भीतीने जवळ जात नाहीत आणि तिला वाटतं, आपण आता त्यांना नकोशा झालो. कोरडेपणा आहे, भीती आहे. पण तपासणीच्या वेळी आम्ही तिघं-चौघं सोबत असतो, डॉक्टर "काही त्रास?" विचारतात आणि ती "नाही" म्हणते. हा विषय नेमका कुणाकडे काढायचा असतो?

आणि किती सांगावं हेही कळत नाही. मी दिसेल ते वाचते. ताईला टक्केवारी ऐकायची नाही. "पुढच्या महिन्यात माझं काय होईल ते सांग, पाच वर्षांचं नको," म्हणते. ते मला पटतं. पण आता बीआरसीए जीनची तपासणी सुचवली आहे (या जीनमधला दोष घराण्यातून येतो आणि त्याने स्तनाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो). त्यावर पुढचं औषधही ठरू शकतं म्हणे. दोष निघाला तर प्रश्न माझा आणि भाचीचाही आहे, आणि त्याचं ओझं ताई आत्ताच स्वतःवर घेऊन बसली आहे.

प्रतिसाद १
मी यातून गेले आहे. मुंग्यांचं आधी सांगते: पुढच्या केमोच्या आत डॉक्टरांना कळायलाच हवं. डोस कमी करणं, औषध बदलणं हा उपचारांचाच भाग असतो. अंगावर काढलं तर बधीरपणा कायमचा राहू शकतो. ताईला हे सांगा आणि तिलाच बोलू द्या. तोवर पाणी किती गरम आहे ते पायाने बघू नका, कोपराने बघा. घरात चप्पल घालायची. ताप ३८ अंश सेल्सियसवर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे सगळ्यांना पाठ हवं.

जवळिकीचं मी डॉक्टरांना नाही, केमो देणाऱ्या सिस्टरना विचारलं. "पाच मिनिटं एकटीला बोलायचंय" एवढं म्हटलं की बाकीच्यांना बाहेर पाठवतात. पाण्याचा बेस असलेलं जेल संबंधांच्या वेळी, आणि रोजच्या कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर वेगळं. हार्मोनची क्रीम किंवा गोळी मात्र मनाने नको. कॅन्सरच्या प्रकारावर ते अवलंबून असतं. भावोजींनाही कुणीतरी समजावून सांगायला हवं. ते घाबरलेत, दुरावलेले नाहीत.

प्रतिसाद २
जीन तपासणीच्या आधी जेनेटिक समुपदेशकाची भेट मागून घ्या. दोष आई किंवा वडिलांकडून आलेला असला तर तो प्रत्येक भावंडात, आणि ज्याच्यात तो असेल त्याच्या प्रत्येक मुलात, येण्याची शक्यता ५० टक्के असते. म्हणजे ताईने तुम्हाला काही दिलेलं नाही, तिच्यामुळे तुम्हाला वेळेवर कळतंय. हे वाक्य आमच्या घरात समुपदेशकांच्या तोंडून आलं तेव्हाच पटलं. तुमची तपासणी करायची का, कधी, ते तुम्ही ठरवा. निकाल ऐकायचा नसेल तर तोही तुमचा हक्क.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. ताईला पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. मुंग्यांचं ती स्वतः सांगणार आहे आणि पाच मिनिटं एकटीने बोलायलाही तयार झाली. आता एवढंच विचारते: केमो चालू असताना हातापायांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टकडे कुणी गेलं होतं का, की संपेपर्यंत थांबायला सांगितलं?